मार्थाबाई आणि सुटलेल्या गाड्या

आदरणीय मार्थाबाईंची आणि माझी पहिली भेट मेडशीच्या एसटी थांब्यावर झाली आणि त्या भेटीतच माझी गाडी चुकली. त्याला आता अठरा वर्षे होत आली. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, असे आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या वडीलजनांनी सुचवले. मी शेलूबाजारचा शिंपी. एका जागी बसून लिहिणे मला जमत नाही. हा मजकूर लिहितानाही चारदा उठलो. त्याचे खरे कारण वेगळे आहे. बाईंचे गुडघे साथ देत नाहीत, गावोगाव फिरणे होत नाही, म्हणून त्यांनी यंदा मला विचारले, "शेलूबाजारकडच्या लोकांचं ऐकायले आता तू बसशील का?" लेखाला सुरुवात केली त्या दिवसापर्यंत मी उत्तर दिलेले नव्हते.

अठरा वर्षांपूर्वी मी फार अस्वस्थ होतो. प्रार्थनेला बसलो की दोन मिनिटांत उठायचो. पाळकसाहेबांनी उपास सांगितला, तो केला. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, तीही झाली. शेवटी पाळकसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "मेडशीच्या मार्थाबाईंकडे जा. त्या उपाय सांगत नाहीत, ऐकतात." मार्थाबाई आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिका. गावोगाव पायी फिरून त्यांनी बाळंतपणे केलेली. आत्मिक मार्गदर्शनाचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतले होते. सलग तीन उन्हाळे, आपली रजा खर्चून, त्या दूरच्या एका मौनगृहात राहून आल्या होत्या. "पहिल्या उन्हाळ्यात मले कोणाचं ऐकूही देल्लं नाही," त्या सांगतात. "म्हणे, आधी स्वतःची बडबड ऐका."

मालेगावला गाडी बदलून मी मेडशीला उतरलो, तर बाई थांब्यावरच्या सिमेंटच्या बाकावर बसलेल्या. दर गुरुवारी दुपारी त्या तिथेच बसत. मी म्हटले, घरी बसू या का? त्या म्हणाल्या, "घरी आला तं शेजारी विचारतीन, काहून आला. इथं कोणी विचारत नाही. सारे गाडीचीच वाट पाहून राह्यले."

मी बोलत सुटलो. धंदा, मंडळीतले वाद, झोप. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले. मशीन चालवल्यासारखी माझी पावले खालीवर होत होती. "बाप्पा, मशीन बंद कर," त्या म्हणाल्या. "इथं काय शिवून राह्यला?"

गाडी आली. मी उठलो. बाई एवढेच म्हणाल्या, "जाऊ दे ही."

ती गेली. दुसरीही आली आणि गेली. त्यानंतर माझ्या तोंडून ते निघाले. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत माझ्याकडे गणवेशांचा ढीग होता. आजारी वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, खाटेवरून हाक मारली, "मनोहर, एक स्तोत्र वाचून दाखव." मी म्हटले, "थांबा दादा, एवढी बाही होऊ द्या." बाही झाली तेव्हा वडील गेलेले होते. हे मी बायकोलाही सांगितले नव्हते.

बाईंनी माझी समजूत घातली नाही. एवढेच विचारले, "दादा काय म्हणाले होते त्यावर?"

"म्हणाले, होऊ दे."

"हे प्रभूले सांगितलं?"

"त्याला माहीतच आहे, बाई."

"डॉक्टरलेही सूज दिसते. तरी विचारते ना, कुठी दुखते म्हणून? तोंडानं सांगा लागते."

इतकेच झाले. मी बरा होऊन परतलो असे नाही. पण त्या रात्री पहिल्यांदा, चिडून का होईना, मी देवाशी खरे बोललो. पुढच्या गुरुवारी पुन्हा मेडशीला गेलो.

बाईंच्या पिशवीत नेहमी एक जादा डबा असे. ज्वारीची भाकर आणि ठेचा. आपल्यामुळे ज्याची गाडी चुकेल तो उपाशी राहू नये, म्हणून. थांब्यावरचे चहावाले वानखडेभाऊ बौद्ध आहेत आणि बाईंचे जुने स्नेही. ते म्हणत, "बाई, तुमच्यापायी एसटी बुडते अन् माहा चहा खपते." बाई म्हणत, "मंग एखाद दिवस चहात साखर टाकजो." वानखडेभाऊंची आई गेली तेव्हा तेही एका गुरुवारी किटली उतरवून त्या बाकावर येऊन बसले. बाईंनी त्यांना ना शास्त्रवचन ऐकवले, ना आपला धर्म सांगितला. दोन तास त्यांच्याबरोबर बसून राहिल्या. हे वानखडेभाऊंनीच मला सांगितले आणि लिहायला परवानगी दिली.

सात वर्षांपूर्वी बाईंनी मला ऐकणे शिकवायला घेतले. शिकवणे म्हणजे काय, तर मी कोणाचे ऐकले की पुढच्या गुरुवारी बाईंपुढे हजर व्हायचे. समोरच्याचे गुपित सांगायचे नाही. त्या वेळी माझ्या आत काय चालले होते, ते सांगायचे. "तू काय बोलला ते नको सांगू," त्या म्हणत. "कधी बोलला, ते सांग." तेवढ्या एका प्रश्नाने माझी कितीतरी लबाडी उघडी पडली. समोरचा रडायला लागला की मी बोलत होतो.

तरी चूक झालीच. आमच्या मंडळीतले एक गृहस्थ माझ्याकडे येत. धाकट्या भावाशी त्यांचे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते. जावे की न जावे, यातच ते फिरत. एका दुपारी मी म्हटले, "आजच जा. देवाची इच्छा आहे." आणि त्यांना ऑटोत बसवून दिले. धाकट्याने दार उघडले नाही. गल्ली पाहत होती. त्यानंतर त्या गृहस्थांनी उपासनेला येणे सोडले. (हे त्यांना विचारूनच लिहितो आहे.)

मी बाईंपुढे गेलो. त्यांनी विचारले, "देवाची इच्छा हाय, हे कोण म्हटलं?"

"मी."

"काहून?"

मी खाली माझ्या पायांकडे पाहिले. मग म्हटले, "त्यांची घालमेल मला पाहवेना, बाई. माझेच पाय चालायला लागले."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. म्हणाल्या, "जा, माफी माग. समजावू नको, फक्त माग."

मी गेलो. ते गृहस्थ दारातच म्हणाले, "काय टेलरबुवा, आज कोणाच्या दारात पाठवता?" मी माफी मागितली. त्यांनी बसा म्हटले नाही, तरी ओट्यावर बसलो. तीन वेळा असाच बसून आलो. चौथ्या खेपेला ते आपण होऊन बोलले. आता ते उपासनेला येतात. भावाचे दार अजून बंद आहे. ते आठवले की आजही मशीनवर माझी शिवण वाकडी जाते.

म्हणूनच यंदा बाईंनी विचारले तेव्हा मी नाही म्हणायचे ठरवले. ज्याला स्वतःला चैन नाही, त्याने दुसऱ्यापाशी कसे बसावे? गेल्या गुरुवारी हेच वाक्य पाठ करून मेडशीला गेलो. बाई बाकावर होत्या, काठी शेजारी टेकवलेली. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "मनोहर, आज मले बोलाचं हाय. मले चैन नाही."

अठरा वर्षांत त्या माझ्यापुढे असे कधी बोलल्या नव्हत्या. मला वाटत होते की त्या या सगळ्याच्या पलीकडे पोचल्या आहेत. त्या काय बोलल्या, ते इथे लिहायचे नाही. माझे पाठ केलेले वाक्य कुठे गेले, कळले नाही. दोनदा जिभेवर धीराचे शब्द आले, दोन्ही वेळा गिळले.

मालेगावची गाडी आली. कंडक्टरने हाक दिली, "चला टेलर, बसा लवकर!" बाई बोलता बोलता थांबल्या आणि पिशवी आवरू लागल्या. अजून खरे बोलायचे राहिले होते, हे मला दिसले.

मी म्हटले, "जाऊ द्या ही, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खाली माझ्या पायांकडे; ते हलत नव्हते. पिशवी पुन्हा बाकावर ठेवली आणि पुढचे बोलल्या. माझे उत्तर त्यांना मिळाले होते.

येत्या गुरुवारपासून दुपारी मशीन झाकून मी शेलूबाजारच्या थांब्यावर बसेन. भीती गेलेली नाही. बायकोला एक जादा डबा करायला सांगितले आहे.

प्रभू मार्थाबाईंना शतायुषी करो, त्यांच्या गुडघ्यांना बळ देवो. मेडशीच्या त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून अजून पुष्कळ वर्षे आम्हा सगळ्यांच्या गाड्या चुकोत. आणि त्यांना बोलावेसे वाटेल त्या दिवशी त्यांचे ऐकायला आमच्यापैकी कोणीतरी तिथे असो.