काकांचं वाक्य, माझं जर्नल

मी बी.एस्सी.ला असताना नागपुरात फ्लूची साथ आली आणि आमचा प्राणिशास्त्र विभाग निम्मा आडवा झाला. ठणठणीत होते ते फक्त प्रयोगशाळेतले शिपाईकाका. उमरेडकडच्या तळ्यांतून ते पोतंभर बेडूक एस.टी.ने आणायचे आणि पोत्यात काय आहे ते शेजारच्या प्रवाशाला नागपूर आल्यावरच सांगायचे.

"काका, तुमाले काहून नाही होत फ्लू?" मी विचारलं.

"मले कसा होईन?" त्यांनी टाकीतून एक बेडूक उचलला. "हा मागच्या हप्त्यात तुह्याच हातून कापल्या गेला अन् पळाला. पाणी पाह्य, कसं सडून राहिलं. अन् याची जखम? साफ. याच्या कातड्यातच दवा हाये, पोरी. माह्या हातालेही तेच लागते रोज."

फ्लूचं काही मला पटलं नाही, पण जखम खरंच भरली होती. मी जर्नलमध्ये लिहून टाकलं, 'बेडकाच्या कातडीत औषध असावे.' सरांनी त्यावर लाल रेघ मारली आणि भर वर्गात विचारलं, कोणत्या पुस्तकात आहे हे? एरवी मी भांडखोर. पण जर्नलवर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे, आणि आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. "काका म्हणाले," म्हणून मी अंग काढून घेतलं. वर्ग खो खो हसला. काका तिथेच मागे टाकी धूत होते, त्यांनी मान वर केली नाही. मला सही मिळाली आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यात पुढच्याच आठवड्यात काकांना सणसणून फ्लू झाला.

बऱ्याच वर्षांनी, मी स्वतः शिकवायला लागल्यावर, पेपरात वाचलं की बेडकाच्या कातडीत जंतू मारणारे पदार्थ सापडलेत, आणि पुढेमागे त्यातून फ्लूसारख्या रोगांवरही औषध निघू शकेल. कात्रण आणि जुनं जर्नल घेऊन मी तडक काकांचं घर गाठलं. ते आता रिटायर झाले होते. त्यांनी कात्रण माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"मंग मले काहून झाला गा देवा फ्लू?" ते बाजेवर बसल्या बसल्या छताकडे बघून म्हणाले, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मग त्यांनी जर्नल मांडीवर घेतलं. खोडलेल्या वाक्यावरून बोट फिरवलं, पान उलटून मागे पाहिलं.

"याच्यात माहं नाव कुठं हाये वं?"

नव्हतंच. ते वाक्य मी माझं म्हणूनच लिहिलं होतं. मी पेन काढलं आणि लाल रेघेखाली त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी वडिलांचं नावही घालायला लावलं.