थबकलेला तंगूस

शेजारच्यांच्या फोनवर सुधावहिनींचा आवाज आला, "हे गेले हो भाऊजी..." मग थोडं थांबून, "पण शेवटपर्यंत होते ना हे?" मी म्हटलं, "होता, वहिनी. मी पाहिलंय."

वसंता, म्हणजे वहिनींचे 'हे', माझा मुलुंडचा दोस्त. रविवारी आम्ही दोघं पवईच्या तलावावर. तंगुसाच्या दोरीला गळ, गळाला कणकेचा गोळा, काठीच्या टोकाला घुंगरू. रोहूनं ओढ दिली की घुंगरू वाजायचं आणि आम्ही चहा टाकून धावायचो. एका मे महिन्यात हा पठ्ठ्या मला ट्राउट माशांसाठी हिमाचलला घेऊन गेला. तिथल्या नदीतही आम्ही घुंगरू बांधलं! धारेनं ते सकाळभर वाजत राहिलं, मासा मात्र नाही. शेवटी वसंतानं ते काढून माझ्या खिशात टाकलं आणि डबीतल्या, गळावर पिसं-दोरे बांधून केलेल्या रंगीत नकली माश्या बाजूला सारून एक तपकिरी, कुरूप माशी निवडली. मोरपिसाचा तंतू आणि जळक्या पंख्यातली तांब्याची तार गुंडाळून त्यानंच केलेली, तळाशी जाणारी. "पाण्यावर काहीच दिसत नाही ना, मग खाली शोधायचं. ही कुठल्याच किड्यासारखी नाही यार, पण सगळ्यांसारखी थोडी थोडी आहे." मी आपला झटक्याची वाट बघत उभा. तो ओरडला, "ओढ कसली बघतोस रे? ट्राउट घुंगरू वाजवत नाही. तंगूस जरा थबकला की उचल!" संध्याकाळी त्याच्याकडे मासा होता, माझ्याकडे सर्दी.

या हिवाळ्यात त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घाटकोपरच्या इस्पितळात तो छताकडे बघत पडून असे. त्याला काही कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याचे थोरले भाऊ म्हणू लागले, "आता गावी नेऊ या, इथे ठेवून काय उपयोग?" वहिनींचं एकच, "हे ऐकतात." पण बोट दाब म्हटलं तर तो दाबत नव्हता, डोळे मिट म्हटलं तर मिटत नव्हता. मलाही भाऊंचंच पटू लागलं होतं आणि त्याचीच भीती वाटत होती.

एका दुपारी मी त्याच्या डबीतली ती तपकिरी माशी नेली. गळाचं टोक पक्कडीनं तोडलं, माशीला बांधलेला तंगूस त्याच्या डाव्या हाताच्या बोटावरून घेतला आणि पाण्याच्या वेगानं हळूहळू ओढू लागलो. तंगूस सरकत गेला... पुन्हा घेतला, पुन्हा सरकला. भाऊ दारात उभे होते. वहिनींनी पदर तोंडाशी धरलेला. आणि मध्येच तंगूस थबकला. चादरीत अडकला असेल म्हणून मी चादर दूर केली, पुन्हा ओढला. बोट वाकलं. ओढ नाही, झटका नाही, नुसतं थबकणं. मी तंगूस उचलला आणि मला रडू फुटलं.

गावी न्यायची भाषा थांबली. तो जाईपर्यंत वहिनी रोज त्याच्याशी बोलत राहिल्या. भाजीवाल्याची भांडणंसुद्धा सांगायच्या.

परवा पवईला एकटाच गेलो. घुंगरू खिशातच ठेवलं, तंगूस बोटावर घेतला. मासा काही लागला नाही. उन्हं उतरली तरी, आत्ता तंगूस थबकेल म्हणून, बोट मात्र हलवता येईना.