झिंक, वाल आणि आमच्या सासूबाई

मंडळी, आज सकाळी माझ्याच स्वयंपाकघरात माझी चांगली फजिती झाली.

लेकीला महिन्यात दुसऱ्यांदा सर्दी-ताप. इथले पेणचे डॉक्टर म्हणाले, "विषाणूशी लढणाऱ्या पेशींना झिंक लागतं. तिला कडधान्यं, अंडी देत जा." घरात खांब गावाहून आलेले वाल होतेच. मी उत्साहाने धुतले आणि थेट कुकरमध्ये घालायला घेतले.

सासूबाई धावत आल्या. "अगो, मोड नाय आणलेस? असे वाल कोण खातं?"

"का नाही खायचे?"

"नाय खायचे. बस!"

मला राहवेना. डॉक्टरांनाच फोन लावला. ते हसले. म्हणाले, वालातलं झिंक दाण्यात जखडलेलं असतं. भिजवून मोड आणले की ते थोडं सुटं होतं आणि अंगाला जास्त लागतं.

हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "झिंकबिंक मला नाय माहीत. आईने शिकवलं, तसं करतो आम्ही."

वाल त्यांनीच भिजत घातले; मोड आले की साल काढून शिजवायचे. लेकीला आज अंडं.

मोड का आणायचे ते आता मला ठाऊक आहे, पण मोड आलेले वाल सोलायला मी अजून शिकलेले नाही. तुमच्या घरात असं कारण न विचारता चालत आलेलं काय आहे? आणि ते आता कोणाकोणाला येतं?