मामाकडचं एरंडेल

आमच्या घरात कपडे वाळत घालायची दोरी एकच आहे. ती मागच्या मोरीपासून पुढच्या दारापर्यंत जाते आणि तिच्यावर काय आहे ते दारात उभ्या असलेल्या कुणालाही दिसतं. म्हणून माझी काळी आखूड चड्डी मी वर्षभर आईच्या परकराच्या आत घालून वाळवत आले. उन्हाळ्यात ती तासाभरात सुकते. पावसाळ्यात ओलीच नेते.

हे लिहावं की नाही, माझं बरेच दिवस ठरत नव्हतं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतात, आई घरी विड्या वळते. आम्ही विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो, एक खोली आणि मागे स्वयंपाकाची जागा. कुठेही बसले तरी मी कुणाच्या तरी वाटेत असते. ‘सरक की जरा’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकते, सांगता येणार नाही.

सात रस्त्याजवळ एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक हॉल आहे. तिथल्या मॅडम लग्न होऊन पुण्याहून सोलापुरात आल्या. त्या बायकांना व्यायाम आणि पोल डान्स शिकवतात. मला तिथे रोज दोन तासांचं काम मिळालं. मॅट अंथरायच्या, फोन घ्यायचे आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी जमिनीपासून छतापर्यंत गेलेले तिन्ही लोखंडी खांब स्पिरिटने पुसायचे. पहिल्या दिवशी मी ते नुसत्या ओल्या फडक्याने पुसले. मॅडमनी माझा हात धरून खांबावर फिरवला. आदल्या वर्गातल्या कुणाचं तरी हाताला लावायचं क्रीम तिथे राहिलं होतं, बोट सरकन खाली गेलं. त्या म्हणाल्या, कपडा घसरतो, कातडी धरते. म्हणून इथे आखूड कपडे घालतात आणि म्हणून अंगाला काहीही लावून यायचं नाही.

एकदा वर्ग संपल्यावर त्या म्हणाल्या, बघ चढून. मी चढले. मांड्यांच्या मध्ये खांब आवळून दोन्ही हात सोडून बसायचं, एवढंच होतं. भयंकर दुखलं. पण त्या उंचीवर मी कुणाच्याच वाटेत नव्हते. दुसऱ्या दिवशीपासून काम संपलं की अर्धा तास मॅडम मला शिकवू लागल्या.

मांडीवर आतल्या बाजूने निळेकाळे डाग पडले. नव्यांना पडतातच. पण आमच्याकडे कपडे बदलायला मोरीशिवाय जागा नाही आणि मोरीला दार नाही, पडदा आहे. एक दिवस आईने तो बाजूला केला. तिची नजर माझ्या मांड्यांवर गेली. मग बाहेर वडिलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, “कुणी मारलं तुला?”

मी म्हणाले, “मल्लखांब शिकतीय, आई.”

हे उत्तर मी ठरवून दिलं नव्हतं. खांब आहे, चढायचं आहे, उलटं व्हायचं आहे, म्हणजे फार मोठं खोटं नाही, असं मी स्वतःला समजावलं. माझा अंदाज असा की आई ‘बरं’ म्हणेल आणि विषय संपेल. पण आईचा चेहरा असा उजळला की मी ते तसंच राहू दिलं. तिचं माहेर करकंबचं. तिचा भाऊ, माझा मामा, तरुणपणी तिथल्या तालमीत मल्लखांब करायचा. आईने त्याला लगेच फोन लावला. चार दिवसांनी सोलापूरला येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर मामाने बाटलीभर एरंडेल पाठवलं. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल चोळतात, नाहीतर अंग सोलवटून निघतं. मामाचा निरोप होता की खांबाला बी लाव, अंगाला बी लाव, तेल कमी करू नको.

मी ती बाटली फळीवर मागे ठेवली. ती दर वेळी पुढे आलेली असायची.

मग सगळ्यांना कळलं. वडिलांनी कारखान्यात सांगितलं. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, “आता मेडल आणल्याबिगर घरात घेऊ नगा हिला.” आई हसली. मी पण हसले. त्यानंतर घरी खरं सांगायचं म्हणजे नुसतं माझं खोटं उघडं पडणार नव्हतं. आईने, वडिलांनी, मामाने ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यापुढे ते तिघे खोटे पडणार होते. हॉलमध्येही मी मोकळी नव्हते. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, घरी माहीत आहे ना? मी हो म्हणून मान हलवली होती.

मला तेव्हा एकच गोष्ट जमत नव्हती. उलटं होऊन एका गुडघ्याच्या मागच्या खळीत खांब अडकवायचा आणि दोन्ही हात सोडायचे. मी उलटी व्हायचे, गुडघा अडकवायचे, पण हात सुटायचे नाहीत. खाली डोकं, वर पाय, आणि मूठ आवळून मी तिथेच. वर जाता येत नाही, खाली येववत नाही. मॅडम म्हणायच्या, पायाने धरलंय तुला, हाताचं काम संपलंय. मला ते कळायचं, हाताला कळायचं नाही.

एका रविवारी सकाळी दहाचा सराव होता. आठ वाजता आईने मला चटईवर बसवलं. डाग वाढले होते. तिने एरंडेल कोमट केलं आणि मांडीपासून पोटरीपर्यंत चोळलं. मी म्हणाले, राहू दे. ती म्हणाली, गप बस. विड्या वळून वळून तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली आहेत, आणि त्या बोटांनी ती इतक्या हळू चोळत होती की मला पाय ओढून घेववेना. मी धुवायला उठले तर तिने खाली बसवलं. “मुरू दे की. धुयाला लावलंय व्हय?”

हॉलच्या नळावर मी तीनदा साबण लावला. एरंडेल साबणाने सहज जात नाही. पाय दिसायला कोरडे दिसत होते. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तेल कोणी लावलं, का लावलं? आणि एकेक करत सगळंच सांगावं लागलं असतं. खांब पुसण्याचं काम ज्या मुलीचं, तीच तेलाच्या पायांनी खांबावर चढली.

उलटी झाले. गुडघा अडकवला. हात सोडायची वेळच आली नाही, खळी सरकली. मी खांद्यावर पडले. मॅडमनी मानेखाली हात घातला नसता तर डोक्यावर पडले असते. त्यांनी आधी माझी मान तपासली, मग खांबावरून बोट फिरवलं आणि ते नाकाला लावलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझी आई तुला मल्लखांबासाठी तयार करतेय आणि मी पोलसाठी. दोघींच्या मध्ये तू मरशील. घरी खरं सांग, तोवर खांबाला हात लावायचा नाही.”

ते तिन्ही खांब मी त्या दिवशी दोनदा पुसले.

घरी आई सुपात पानं-तंबाखू घेऊन बसली होती. वडील बाहेर गेले होते. मी समोर बसले आणि सांगितलं. आईचा हात थांबला नाही. पान, चिमूट, वळण, दोरा. चार-पाच विड्या झाल्यावर तिने विचारलं,

“नाच हाय म्हण की मग.”

“व्हय.”

“कुणापुढं?”

“कुणापुढं न्हाय. आरसा हाय तितं.”

पुन्हा विड्या. मग ती म्हणाली, “मामाला काय सांगू मी?” तो आठवडा आमच्या खोलीत ‘सरक की’ हे वाक्यसुद्धा कुणी मला म्हटलं नाही. आई माझ्या बाजूने वळसा घालून जायची. रागावली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी ती म्हणाली, उद्या मी येती.

हॉलमध्ये ती चपलांच्या फळीजवळच्या बाकड्यावर टेकली, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून. मॅडमनी काकू म्हणून पाणी दिलं, ते तिने हातात तसंच धरून ठेवलं. मी पायजमा काढून चड्डीवर उभी राहिले तेव्हा तिने मान फिरवली. मी चढले. उलटी झाले. गुडघा अडकवला आणि नेहमीसारखीच अडकले. खांद्यात कळ येत होती. उलट्या डोळ्यांना आई दिसली. ती उठून माझ्याखाली आली होती आणि ओंजळीसारखे दोन्ही हात पुढे करून उभी होती. मॅडम म्हणाल्या, काकू, मॅट आहे खाली. आई हलली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, गुडघ्याकडे बघत होती.

मी एक हात सोडला. दुसरा सुटला नाही.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, “मॅडमनं धरलं न्हाय तुला. तूच धरलं हुतंस सोताला.” थोड्या वेळाने म्हणाली, “बाहेर मल्लखांबच म्हणायचं. बापाला बी.”

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की मी सुटेन. आता रविवारी सकाळी वडील चहा प्यायला कोपऱ्यावर गेले की आई दाराला कडी लावते आणि डाळीच्या पिठाने माझे पाय घासते, कुठल्याही तेलाचा अंश राहू नये म्हणून. चड्डी अजून परकराच्या आतच वाळते. फक्त आता ती आई वाळत घालते. मामा गणपतीत येणार आहे, मल्लखांब बघायला. परवा त्याचा फोन आला होता. तेल संपलं का, अजून पाठवू का, असं विचारत होता. आईने जवळजवळ भरलेल्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“पुरतंय की,” ती म्हणाली. “रोज लावती मी.”