माघातलं मत, भादव्यातला नाला

निवडणूक भादव्यात घेतली असती तर माझी बहीण आज जिवंत असती, असं मी अजूनही म्हणते. लोक हसतात. हसोत बापडे.

जानेफळच्या अलीकडे आमचं गाव. गाव आणि मेहकरची सडक यांच्यामधून नाला जातो. माघात त्यात पोरं विटीदांडू खेळतात; भादव्यात तोच भरली बैलगाडी उलथवतो. नवं राज्य झाल्यावरच्या पहिल्या निवडणुकीत उमेदवाराची जीप त्या कोरड्या पात्रातून धुरळा उडवत आली. पाण्याचा थेंब न पाहता तो पूल देतो म्हणाला.

शब्द पक्का करायचा तर आमच्याकडे महादेवाच्या देवळात बेलभंडार उचलतात. तळहातावर बेलाचं पान आणि हळद घेऊन दिलेला शब्द मोडला तर घर बुडतं, ही समजूत. माझे बाबा गावात मानाचे. त्यांनी साऱ्या गावातर्फे बेल उचलला, की आमची मतं तुम्हालाच. मग कुणीतरी पान उमेदवारापुढं धरलं, तर बाबांनीच पान धरणाऱ्याचा हात मागं सारला.

"पाव्हण्याले काऊन शपथ घालता? मोठ्या मानसाचा शब्द पुरे हाये."

उमेदवारानं चहा घेतला, हात जोडले आणि गेला. बांधलं गेलं ते फक्त गाव.

तो निवडून आला. बाबा मेहकरला त्याच्या दारी जात, तर कधी साहेब मुंबईला, कधी नागपूरला. भेटला तेव्हा म्हणाला, पूल मंजुरीत आहे. गरज सरो, वैद्य मरो. मला त्याच्यापेक्षा बाबांचाच राग येई, कारण ते घरी येऊन हे उत्तर आनंदानं सांगत.

मधल्या एका भादव्यात मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दुपारी कळा लागल्या. मूल आडवं आहे, मेहकरच्या दवाखान्यात न्या, असं म्हणून दाईनं हात टेकले. गाडीत गादी घालून निघालो, तर नाला दोन्ही थड्या भरून वाहत होता. बैल पाण्यात पाय घालेनात. दिवस मावळेपर्यंत आम्ही अलीकडच्या काठावर उभे होतो. ती गाडीतच गेली, पोटातल्या जिवासकट. मायनं तिचं डोकं मांडीवरून काढू दिलं नाही.

पाच वर्षं सरली. पुन्हा माघ, पुन्हा तीच जीप, आणि नाला कोरडा ठणठणीत. यंदा पूल नक्की, म्हणाला. मला वाटलं, बाबा आता त्याला चार शब्द सुनावतील. बाबा पारावर उभे राहून म्हणाले, "बेल उचलेल हाये. मत त्यालेच."

मतदानाचं ते माझं पहिलं वर्ष. शाळेतल्या पडद्याआड मी त्याच्या विरोधकाच्या चिन्हावर शिक्का मारला.

तो पुन्हा निवडून आला. आमच्या गावच्या पेटीतली दोन मतं मात्र फुटली, अशी बातमी मोजणीहून आली. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "कोन फुटलं असन गावात?"

"मी," मी म्हटलं. दुसरं कुणाचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

माय भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसरं माह्यं."

बाबांनी ताट सारलं. "म्या साऱ्या घराचा बेल उचलला होता."

"पोरगीबी साऱ्या घराचीच होती," माय म्हणाली.

सकाळी अंघोळ करून बाबा आमच्या दोन मतांसाठी महादेवापुढं नाक घासायला गेले. देऊळ नाल्याच्या पलीकडे आहे. पात्रात पाणी नव्हतंच. वहाणासुद्धा न काढता ते पलीकडे पोचले. तिकडे आमदार शपथ घ्यायला मुंबईला निघाला होता.