साहेब ‘ओह’ म्हणाला

मंडळी, आज सकाळचं सांगतो.

प्लेगमुळे जुन्नर सोडून आम्ही माळावर झोपडी घातलीय. माझ्या लेकीला, सखूला, कालपासून ताप होता. तपासणीला आलेल्या गोऱ्या डॉक्टरनं तिच्या काखेत बोटं फिरवली आणि तो म्हणाला, “ओह.”

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. ‘ओह’ म्हणजे दुःख, असं मुलांकडून घोकून घेतो. प्लेगची गाठ निघालेलं माणूस छावणीत नेतात. तिथून परतलेलं कुणी मी पाहिलं नाही.

“अहो, सायब काय म्हणलं?” बायकोनं विचारलं. माझं तोंड बघूनच तिनं पोरीला उचललं आणि शेताकडं पळत सुटली.

डॉक्टरसोबत आलेला कंपाउंडर म्हणाला, “मास्तर, बाईंना बोलवा. गाठ न्हाई, साधा ताप हाये. सायबाला हायसं वाटलं, म्हणून तसं म्हणलं.”

बायको बांधाआड सखूला पोटाशी धरून बसली होती. मी सगळं सांगितलं, तरी तिची मिठी सुटेना.

“आधी का न्हाई सांगितलं? इंग्रजी तुमालाच येतं ना?”

तुम्ही असता, तर तिला काय उत्तर दिलं असतं?