कारण: अस्वच्छता

"हात वर कर. सगळ्यांना दिसू देत."

मी हात वर केले. तारापूरच्या औषध कारखान्यात पॅकिंगला आत सोडण्याआधी रोज हात तपासतात. पुरळ, जखम दिसली की बाहेर. नियम बरोबरच आहे, लोकांच्या पोटात जायची औषधं. पण त्या दिवशी सुपरवायझर साहेब रांगेकडे वळून म्हणाले, "खरूज आहे. हे पाड्यावरचे लोक आंघोळच करत नाहीत."

बायका मागे सरकल्या. उमरोळीहून रिक्षात रोज माझ्याशेजारी बसणारीसुद्धा.

मी पहाटे विहिरीचं पाणी ओढून आंघोळ करून निघते. हे सांगायला तोंड उघडलं नाही. लाज वाटली. त्यात नवी गोळी लपवायची होती. माझी दीड वर्षाची मुलगी तापानं गेली. मग अन्न जाईना, रडूही येईना. पालघरच्या डॉक्टरबाईंनी उदासीवरची गोळी दिली. पाड्यावर तिला येड्याची गोळी म्हणतात.

साहेबांनी मला घरी बसवलं. मीही खुळी. साहेब म्हणाले म्हणजे खरूजच, असं धरून करंजाचं तेल चोळत बसले. पुरळ मानेपर्यंत चढलं, तेव्हा पुन्हा पालघरला गेले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळीचंच आहे हे. काहींना होतं. पाकिटातल्या कागदावर छापलेलं असतं."

असे कागद मी दिवसभर खोक्यांत सारते. एकही वाचला नव्हता, सगळं इंग्रजी. त्यांनी गोळी बदलली. मी बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच.

हात साफ झाल्यावर कामावर गेले. साहेबांनी वही पुढे केली. गैरहजेरीचं कारण लिहून तयार होतं: अस्वच्छता.

"सही कर आणि आत जा."

मी सातवी शिकलेय. मराठी वाचता येतं मला.

"नाय करणार, साहेब. माझी पोर गेली म्हणून मी उदासीची गोळी खाते. ते पुरळ गोळीचं. हे खोडा नि खरं लिवा."

"काम हवंय ना?"

"पायजे. पण असं नाय."

सगळ्या रांगेनं ऐकलं. गोळीचंही ऐकलं. साहेबांनी खोडलं नाही, मला आत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंची चिठ्ठी नेली. तरी परत पाठवलं. आज पाचवा दिवस.

उद्याही फाटकावर जाईन. काम गेलं तर जाईल. पण माझ्या पोरीच्या दुःखाला घाण म्हणणाऱ्या वहीत माझी सही पडणार नाही.